अंबाड्यातला नादकाटा

एल्वीबाईंनी मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडत होतो. अल् खुवैरमध्ये आमच्या ऑफिसच्या मागे पार्किंगची जी बोंब आहे ती तिथे रोज गाडी लावणाऱ्यालाच कळेल. कुणीतरी माझ्या गाडीमागे आपली गाडी आडवी लावून खुशाल निघून गेला होता. मस्कतचा जून महिना, दुपारचे दोन वाजलेले, आणि गाडीचा मालक समोरच्या कॅफेटेरियात निवांत चहा पीत बसलेला. मी डोंबिवलीचा माणूस. मला जेवढं म्हणून हिंदी येतं तेवढं सगळं मी त्याच्यावर रिकामं केलं. तो "खलास, खलास" म्हणत गाडी काढून गेला आणि मी घाम पुसत वळलो, तर मागे एक उंच, गोरीपान, साठीपुढची बाई उभी. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, निळा सुती झगा, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं, आता ही माझी तक्रार करणार.

"तुम्ही बॅरिटोन आहात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "शनिवारी साडेचारला या. पाण्याची बाटली आणा."

एवढं बोलून त्यांनी भाजीच्या बिलामागे पत्ता लिहून माझ्या हातात दिला आणि चालू लागल्या. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला, भरीव आवाज, हे मला नंतर कळलं. घरी येऊन मी सुनीताला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भावगीतं गाते, रीतसर शिकलेली आहे. ती म्हणाली, वीस वर्षं मी जो आरडाओरडा ऐकत आले तो जगात कुणाला तरी आवडला आहे, तर जाऊन ये बापड्या. मी एकटा जायला घाबरलो म्हणून तिलाच बरोबर नेली. अशा रीतीने आम्ही दोघं एल्वीबाईंच्या क्वायरमध्ये लागलो, आणि पुढची पाच वर्षं त्या मला "मिस्टर पार्किंग" म्हणत राहिल्या. माझं नाव त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांना हे जास्त आवडत होतं.

बाई एस्टोनियाच्या. हा देश कुठे आहे ते मी त्या रात्री नकाशात शोधलं आणि दोनदा वरून बोट फिरवूनही तो मला सापडला नाही, तिसऱ्यांदा सापडला. मस्कतच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये त्या संगीत शिकवायच्या आणि शनिवारी त्याच शाळेच्या हॉलमध्ये, जो येईल त्याला घेऊन, त्यांचं क्वायर चालायचं. आम्ही चाळीस जण असू. निम्मे आपले, बाकी फिलिपिनो, दोन लेबनीज, एक ओमानी दंतवैद्य. कुणाचाही आवाज त्यांनी परीक्षा घेऊन निवडला नव्हता. त्या माणसं रस्त्यावर उचलायच्या. वसईचा डॉमनिक एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, त्याला त्यांनी ऑर्डर ओरडताना ऐकून टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच आवाज, म्हणून उचलला. मुश्ताकभाईंची तर गंमतच. ते रत्नागिरीकडचे, सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान आहे. मुलीला, सनाला, ते क्वायरला सोडायला यायचे आणि बाहेर गाडीत एसी लावून पेपर वाचत बसायचे. एकदा बाईंनी जाऊन काचेवर टकटक केलं. ते काच खाली करून म्हणाले, "जी मॅडम?" झालं. त्या दोन शब्दांवर बाईंनी त्यांना बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात, उभं केलं. मुश्ताकभाई म्हणत होते की आमच्याकडे पुरुषांनी असं गायची पद्धत नाही, लोक काय म्हणतील. बाईंनी विचारलं, तुमच्या गाडीत गाणी वाजतात तेव्हा तुम्ही काय करता? ते म्हणाले, थोडं गुणगुणतो. बाई म्हणाल्या, तेच इथे उभं राहून करा.

त्यांच्या देशात म्हणे मोठ्या मैदानावर हजारो माणसं एकत्र उभी राहून गातात. बेकरीवाला, बसचा ड्रायव्हर, डॉक्टर, सगळे. नऊ वर्षांच्या असताना त्या अशा गर्दीत पहिल्यांदा उभ्या राहिल्या. त्यांना काही दिसत नव्हतं, पुढच्या बाईची पाठ तेवढी दिसत होती. पण ऐकू सगळं येत होतं. "तेव्हाच ठरवलं," त्या सांगायच्या. पुढे गावातली क्वायरं, मग एका कापड गिरणीतल्या बायकांचं क्वायर, मग संगीतशाळेत पंचवीसेक वर्षं नोकरी. नवरा गेल्यावर दोन वर्षांसाठी म्हणून मस्कतला आल्या, कारण इथल्या उन्हाने गुडघे कमी दुखतात असं त्यांच्या लक्षात आलं. त्या दोनाची नऊ वर्षं झाली.

वेळेच्या बाबतीत बाई म्हणजे कर्दनकाळ. साडेचार म्हणजे साडेचार, चार एकतीसला दाराला आतून कडी. पहिल्या महिन्यात अर्धं क्वायर दाराबाहेर उभं राहून सराव ऐकत असे. एकदा डॉमनिकला त्यांनी विचारलं, पुढच्या शनिवारी वेळेवर याल का? तो सवयीने म्हणाला, इन्शाल्ला. बाई म्हणाल्या, "इन्शाल्ला देवासाठी ठेवा. तुम्ही साडेचारला या." ओमानी दंतवैद्य खो खो हसला, आणि तेव्हापासून आमच्याकडे उशिरा येणाऱ्याला सगळे मिळून "इन्शाल्ला आला" म्हणू लागले.

आता त्यांच्या काट्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण जो नादकाटा पाहतो, दोन पायांचा, आपटला की बारीक नाद करणारा, तसा एक जुना काटा बाईंकडे होता. त्यांच्या गावच्या मास्तरीणबाईंनी त्यांना दिलेला. तो त्या अंबाड्यात आकड्यासारखा खोचून ठेवायच्या. गाण्याआधी काटा काढायच्या, गुडघ्यावर आपटायच्या, कानाशी धरायच्या, आणि चार आवाजांना चार सूर गुणगुणून द्यायच्या. पेटी नाही, हॉलमधल्या पियानोला हात नाही, काही नाही. मग गाणं. गाणं संपलं की शेवटचा सूर विरायच्या आत पुन्हा काटा गुडघ्यावर. कानाशी धरून त्या आमच्याकडे बघायच्या आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फट करून दाखवायच्या. सूर किती उतरला ते ती फट सांगायची. सुरुवातीला ती फट अशी असायची की त्यात लिंबू बसावं.

साथ नसली की चाळीस माणसांचा सूर हळूहळू खाली सरकतो. कुणा एकाचा दोष नसतो, सगळे मिळून घसरतात आणि घसरताना कुणाला कळत नाही. सुरुवातीच्या सुराला बाई "घर" म्हणायच्या. त्यांच्या मास्तरीणबाईंचं म्हणणं होतं की जे क्वायर गाऊन पुन्हा घरी पोचतं तेच क्वायर, बाकीची नुसती रांगेत उभी असलेली माणसं. बाईंना आमच्याकडून तेवढंच हवं होतं. एक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी घर. पाच वर्षांत ते एकदाही जमलं नव्हतं.

सुनीता पहिल्याच महिन्यात त्यांना म्हणाली, मागे तानपुरा लावा, प्रश्नच मिटेल. आमच्याकडे कुणी तानपुऱ्याशिवाय गात नाही. बाईंनी तानपुरा ऐकला, त्यांना तो फार आवडला, पण नको म्हणाल्या.

"तानपुरा तुम्हाला धरून ठेवेल," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही एकमेकांना धरून ठेवायला हवंय."

विसराळू मात्र अव्वल. दर दोन शनिवारी एकदा काटा हरवायचा. पर्स उलटी व्हायची, झग्याचे खिसे उलटे व्हायचे, पियानोखाली वाकून बघून व्हायचं, आणि काटा आपला अंबाड्यात. सांगायचं कुणी नाही, असा आमचा अलिखित नियम होता. शेवटी सनासारखी एखादी पोर मागून जाऊन काटा उपसून त्यांच्या हातात द्यायची आणि बाई तिच्याकडे असं बघायच्या की जणू हिनेच तो पळवला होता.

माझ्यावर त्या एकदा भयंकर चिडल्या, तेही सांगून टाकतो. एका कार्यक्रमात डॉमनिकने त्याची एकट्याची ओळ अशी काही लावली की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. मोठ्याने. मी त्याच्या मागच्या रांगेत उभा, म्हणजे गाणाऱ्यातलाच एक. आपल्याकडे चांगला सूर लागला आणि दाद दिली नाही तर तो गाणाऱ्याचा अपमान. बाईंचे हात हवेत तसेच राहिले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही चावलं का? मी दाद म्हणजे काय ते समजावलं. त्यांच्या देशात गाणं संपून आवाज पुरता विरेपर्यंत कुणी श्वासही जोरात घेत नाही. आठवडाभर त्यांनी विचार केला आणि निकाल दिला: सरावाला "वा" चालेल, कार्यक्रमात "वा" पोटात. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात सूर द्यायच्या आधी त्या माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायच्या. चाळीस माणसांत फक्त माझ्याकडे. नातेवाइकांसमोर काय शोभा होत असेल ती तुम्हीच बघा.

आणखी एक खोड म्हणजे कुणालाही धरून विचारायचं, तुमची आई काय गायची? मुश्ताकभाईंनी वर्षभर दाद लागू दिली नाही. मग एक दिवस बाई थेट सीबच्या दुकानात जाऊन बसल्या. मुश्ताकभाई त्यांना मागच्या गोदामात घेऊन गेले, तागे रचलेल्या फळ्यांमध्ये उभे राहिले, आणि दाराकडे पाठ करून त्यांनी आईचं भात कांडतानाचं गाणं म्हटलं. खाडीच्या पलीकडे माहेरचं घर दिसतंय, धूर दिसतोय, पण होडी नाही, एवढंच त्यात आहे. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या तिचं शेपूट पकडून पुढे नेतात. एल्वीबाई म्हणाल्या, आमच्या आज्या शेतात अगदी असंच गायच्या, एकीने सोडायचं आणि बाकीच्यांनी शेवटापासून उचलायचं. त्या गाण्याचे त्यांनी चार आवाज केले. मुश्ताकभाईंच्या आईला गावाहून व्हिडिओ कॉलवर बसवून शब्द घोटून घेतले. सनाला मराठी धड येत नाही, शाळेत सगळं इंग्रजीच चालतं, तर आजीच्या गाण्याचे उच्चार तिला शिकवत होत्या कोण, तर या एस्टोनियन बाई. आजीने चार आवाजांत गाणं ऐकलं आणि एवढंच विचारलं की भात कांडायला एवढी माणसं कशाला लागली.

हे गाणं घेऊन आम्ही खरीफच्या, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याच्या, दिवसांत सलालाहला गेलो. बसने हजार किलोमीटर, बाई सगळा रस्ता उभ्या राहून सराव घेत होत्या. तिथल्या भारतीय शाळेच्या हॉलमध्ये आम्ही गायला लागलो आणि उतरलो, असे उतरलो की शेवटच्या कडव्यात बेसवाल्यांना खाली जायला जागाच उरली नाही. मुश्ताकभाई नुसतं तोंड उघडमीट करत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लोक भले असतात. बाईंनी काटा आपटला, ऐकला, आणि फट दाखवायला त्यांना दोन्ही हात वापरावे लागले. मग स्वतःच हसत सुटल्या. त्या दिवशी आम्ही भुरभुर पावसात नारळाच्या बागेत शहाळी पीत बसलो होतो आणि बाई मधूनच दोन्ही हात पसरून "सलालाह" म्हणायच्या.

पण त्याच प्रवासात परत येताना त्यांनी बसमध्ये सांगितलं की शाळेने संगीताचा विभाग बंद करायचं ठरवलंय. जुलैपासून नोकरी नाही. नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही, हे आखातात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा दहा महिने उरले होते.  सदुसष्टाव्या वर्षी आता कुठेही दुसरं क्वायर उभं राहणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांची मुलगी तिकडे वाट बघत होती, नातवंडं होती, सगळं ठीक होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती आणि ती आमच्या हातात होती.

इथे मी एक गाढवपणा केला. मी एसीच्या डक्टिंगचा इंजिनिअर, मला प्रत्येक गळतीला उपाय सुचतो. फोनवर तानपुऱ्याचं अॅप असतं. मी मुश्ताकभाईंना आणि डॉमनिकला फितवलं. फोन मुश्ताकभाईंच्या कुडत्याच्या खिशात, आवाज अगदी बारीक, एवढा की बेसच्या रांगेलाच ऐकू यावा. बेस हलला नाही तर वरचे कसे उतरतील? हेतू वाईट नव्हता हो. बाईंना एकदा तरी सुख मिळावं, एवढंच होतं.

एप्रिलमधला शनिवार. आम्ही खाडीचं गाणं म्हटलं. शेवटचा सूर. बाईंनी काटा आपटला, कानाशी धरला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटलेली. त्या तशाच उभ्या राहिल्या, लहान मुलीसारख्या, तोंड थोडं उघडं. सगळं क्वायर गप्प. आणि त्या शांततेत मुश्ताकभाईंच्या खिशातून तानपुरा निवांत वाजत राहिला. बंद करायचं आम्ही तिघंही विसरलो होतो.

बाईंनी हात खाली घेतला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पियानोच्या स्टुलावर बसल्या.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी पोचलात."

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सुनीता माझ्याकडे कशी बघत होती ते मी सांगत नाही. मी कबूल केलं की कल्पना माझी होती. बाईंनी मान हलवली, काटा अंबाड्यात खोचला आणि म्हणाल्या, मिस्टर पार्किंग, तुम्ही फार चांगले इंजिनिअर आहात, आता परत पहिल्यापासून. सव्वादोन महिने तो विषय पुन्हा काढला नाही. आम्ही मात्र त्या दिवसापासून वेगळे गायला लागलो. शेजारच्याचं ऐकायला लागलो. ऑफिसमधून सुटून पाच-सहा जण कुणाच्या तरी घरी जमायचो. मुश्ताकभाई तर दुकानात कापड फाडताना गात, गिऱ्हाईक काय म्हणेल याची फिकीर सुटली. फट लिंबाची सुपारीएवढी झाली, सुपारीची वाटाण्याएवढी. वाटाण्यावर येऊन ती अडली.

निरोपाचा कार्यक्रम जूनच्या शेवटी शाळेच्याच हॉलमध्ये झाला. शेवटी खाडीचं गाणं. बाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, सूर दिला, काटा अंबाड्यात खोचला आणि हात उचलले. त्या गाण्याबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मी गात नव्हतो, ऐकत होतो, आणि तरी गात होतो. मला सुनीता ऐकू येत होती, सना ऐकू येत होती, मुश्ताकभाईंचा आवाज पायाखालून येत होता. शेवटचा सूर लागला, विरला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. आम्ही चाळीस जण बाईंच्या उजव्या हाताकडे बघत होतो.

हात अंबाड्याकडे गेला नाही. पुढच्या रांगेतल्या सनाने ओठांनीच विचारलं, काटा? बाई आमच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "आज घरी राहिला."

मग त्या प्रेक्षकांना नमस्कार करायला वळल्या, वाकल्या, आणि आम्हा चाळीस जणांसमोर तो काटा अंबाड्यात लख्ख चमकत होता. डॉमनिक काहीतरी बोलायला गेला. मुश्ताकभाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

त्यानंतर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे बाई नेहमीसारख्या विसरल्या. दुसरा म्हणे त्या कानाने सगळं ओळखतात, आम्ही उतरलो होतो आणि त्यांना ते सांगायचं नव्हतं. सुनीता दुसऱ्या तटात. रोज घरी वाद. मला तर झोप लागेना. पोचलो होतो की नव्हतो? फोनवर रेकॉर्डिंग होतं, तानपुऱ्याचं अॅप होतं, दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण अॅपला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

विमानतळावर आम्ही पंधरा-सोळा जण गेलो होतो. मुश्ताकभाईंनी बाईंना सुकटीचा डबा दिला, त्यांना तिकडच्या माशांसारखी लागायची ती. सना रडली. मी काही विचारलं नाही. निघताना बाईंनी माझा हात धरून सांगितलं की मिस्टर पार्किंग, भांडत राहा, आवाज चांगला राहतो. आणि त्या काचेच्या पलीकडे गेल्या.

तपासणीच्या दारातून जाताना यंत्र वाजलं. पुन्हा गेल्या, पुन्हा वाजलं. बाई पर्स चाचपतायत, खिसे चाचपतायत. आम्ही अलीकडून हसून हसून बेजार. शेवटी तिथल्या ओमानी अधिकारी मुलीने त्यांच्या अंबाड्यातून काटा उपसला आणि हे काय म्हणून विचारलं असावं. बाईंनी तो घेतला, गुडघ्यावर आपटला आणि आधी तिच्या कानाशी धरला. ती पोरगी हसली. मग बाईंनी तो स्वतःच्या कानाशी धरला आणि आमच्याकडे वळून बघितलं.

आमचं हसू थांबलं. बाईंनी उजवा हात वर केला. अंगठा आणि तर्जनी. मी काचेला नाक लावलं. फट होती. वाटाण्याची नव्हती, मोहरीचा दाणा जेमतेम मावला असता, पण होती. बाईंना खोटं सांगून जाता आलं नाही.

"वा!" मी ओरडलो. सगळा विमानतळ बघायला लागला. काचेपलीकडे ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, काटा अंबाड्यात खोचला आणि त्या चालू लागल्या.